हरलेल्याला एक कॅम्प

बोर्डवरच्या लढाया, जिन्यातले तह आणि उल्हासनगरच्या एका आजोबांनी घालून दिलेला नियम

सहावीत असताना भूगोलाच्या तासाला बाईंनी रशियाच्या नकाशावर उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कामचाटका." मी बाकावरूनच ओरडले, "बाई, तिथून अलास्काला जाता येतं!" अख्खा वर्ग हसला. कुठे वाचलंस, असं बाईंनी विचारलं. वाचलं कुठेच नव्हतं. आदल्याच रविवारी मी तिथे सात प्यादी गमावून बसले होते.

तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा खोका असेल. कोपरे फाटलेला, सेलोटेप मारलेला, आतला एक फासा हरवलेला. व्यापार, स्कॉटलंड यार्ड, रिस्क, काहीही. आई दर दिवाळीला विचारते, "हे भंगारात देऊ का?" आणि आपण दरवेळी म्हणतो, "राहू दे गं." का राहू दे, ते मात्र सांगता येत नाही. मला ते यंदाच्या मे महिन्यात कळलं, म्हणून हा लेख.

आमची बिल्डिंग उल्हासनगर कॅम्प नंबर ३ मध्ये, सतरा सेक्शनपासून चालत पाच मिनिटांवर. तिसऱ्या मजल्यावर जिन्यासमोर जरा मोठा पॅसेज होता. रविवारी दुपारी तिथे सतरंजी पडायची आणि चार जण बसायचे. त्या तिघांनी सांगितलंय की पेपरात नाव नको, त्यामुळे रंगांवरच भागवते. दुसऱ्या मजल्यावरचा लाल, आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि त्याचा माज असलेला. आमच्या समोरच्या दारातला निळा, सिंधी, खेळाचा मालक. वरच्या मजल्यावरची हिरवी, सगळ्यात लहान. तिच्या पप्पांचं कॅम्प पाचला जीन्स शिवायचं युनिट होतं. आणि पिवळी म्हणजे मी.

डुप्लिकेटचा डुप्लिकेट

सुरुवात सगळ्यांसारखीच 'व्यापार'पासून झाली. शहरं विकत घ्यायची, घरं बांधायची, समोरच्याकडून भाडं उकळायचं. पण आम्ही पडलो कॅम्प तीनची पोरं, निम्म्यांच्या घरी दुकान. त्यामुळे आमच्या व्यापारात उधारी चालायची, जी कुठल्याच नियमात नाही. निळा वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांचं खातं मांडायचा आणि पुढच्या रविवारी ते वसूलही करायचा!

उल्हासनगरचं नाव काढलं की समोरचा हमखास 'डुप्लिकेट'चा जोक मारतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा तर आमच्या जन्माच्या आधीपासूनचा. आमच्या व्यापारलाही एका पाहुण्याने ऐकवलं होतं, "हे मोनोपॉलीचं डुप्लिकेट आहे." आम्ही गप्प बसलो. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला असाइनमेंटसाठी वाचताना खरी गंमत कळली. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं होतं. जमिनीचा मालक भाड्यावर गब्बर कसा होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दाखवणं हा तिचा हेतू. पुढे चार्ल्स डॅरोने त्याच खेळाचं एक रूप स्वतःचं म्हणून पार्कर ब्रदर्सला विकलं आणि १९३५ नंतर मोनोपॉली जगभर गाजली. मॅगीबाईंना पेटंटचे मिळाले ५०० डॉलर. म्हणजे मोनोपॉली हीच मुळात नक्कल आणि आपला व्यापार नकलेची नक्कल. तेव्हा यावरून आमच्या गल्लीला कुणी टोमणे मारू नयेत.

दुबईहून आलेलं जग

२०१२ च्या दिवाळीत निळ्याच्या दुबईच्या चाचांनी 'रिस्क' आणला आणि व्यापार एका रात्रीत बच्चा झाला. बोर्डवर अख्खं जग. ६ खंड, ४२ प्रदेश. आपल्या रंगाची प्यादी मांडायची, फासे टाकून शेजारच्या प्रदेशावर हल्ला करायचा आणि जग जिंकायचं. हा खेळ कुणा सेनापतीच्या डोक्यातून आलेला नाही. 'द रेड बलून' हा लहान मुलाचा आणि लाल फुग्याचा सुंदर चित्रपट करणाऱ्या आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाने तो बनवला आणि १९५७ मध्ये तो फ्रान्समध्ये बाजारात आला.

रिस्क खेळलेल्या प्रत्येकाला ऑस्ट्रेलियाचं महत्त्व ठाऊक असतं. खंड छोटा, पूर्ण ताब्यात असला की दर फेरीला दोन जास्तीची प्यादी आणि आत शिरायला एकच दार, सियाममधून. आमच्या गल्लीसारखंच. आशियाला सात जास्तीची प्यादी मिळतात, पण तो राखायचा तर चारही बाजूंनी मार. लाल दरवेळी आशियाच्या मागे लागायचा आणि दरवेळी आपटायचा. आता तो डेटावाल्या कंपनीत कामाला आहे. परवा म्हणाला, "एकास एक फासा असेल तर हल्ला करणारा ३६ पैकी १५ वेळाच जिंकतो, कारण बरोबरी झाली की बचाव करणारा जिंकतो. हे तेव्हा माहीत असतं तर!" माहीत असतं तरी त्याने आशियाच घेतला असता.

खरी मजा फाशांत नव्हतीच, ती तहात होती. "तू ब्राझीलमधून आफ्रिकेत येऊ नकोस, मी येणार नाही." असे तह पाण्याच्या टाकीपाशी कुजबुजत व्हायचे आणि सतरंजीवर परत आलं की दहा मिनिटांत मोडायचे. निळ्याशी केलेला एक तह मी असाच मोडला होता. तो ओरडला नाही, भांडला नाही. नुसता बघत राहिला. त्यानंतर आठवडाभर त्याच्या घरून आमच्याकडे दाल-पकवान आलं नाही. राजकारणात विश्वासाची किंमत काय असते, हे मला टेक्स्टबुकच्या बरंच आधी असं कळलं.

"बाहर कहाँ?"

रिस्कची एक वाईट खोड आहे. शेवटचा प्रदेश गेला की तुम्ही बाद. तुमची पत्ती जिंकणाऱ्याकडे जातात आणि डाव पुढे दोन-तीन तास चालू राहतो. तुम्ही फक्त बघायचं. हिरवी सगळ्यात लहान असल्याने बहुतेक वेळा तीच आधी उडायची. एका रविवारी चाळीस मिनिटांत संपली आणि जिन्यात बसून रडायला लागली.

निळ्याचे आजोबा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असायचे. सिंधी पेपर, अरबी वळणाच्या लिपीतला. त्यांना सगळी बिल्डिंग 'दादा' म्हणायची. आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ, त्यांच्यात वडीलधारा माणूस. दादांनी पेपर खाली केला.

"ये क्यों रो रही है?"

"हार गई, दादा. अब बाहर है."

"बाहर कहाँ?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. बाहर म्हणजे बाहर. दादांनी क्षणभर बोर्डकडे बघितलं आणि म्हणाले, "इसको एक कॅम्प दो."

झालं, नियम तयार झाला. जो हरेल त्याला एक प्रदेश आणि तीन प्यादी. प्रदेश कुणी द्यायचा? यावर जाम भांडण झालं. दादांनी तेही सोडवलं, "जिसके पास ज़्यादा है, वो देगा." तीन फेऱ्या त्या प्रदेशावर कुणी हल्ला करायचा नाही. हरलेल्याची पत्ती त्याच्याकडेच राहणार. चौथ्या फेरीपासून त्याचं तो बघून घेईल.

दादांना हे सुचलं कुठून, ते त्यांनी स्वतःच हळूहळू सांगितलं. फाळणी झाली तेव्हा ते सात वर्षांचे. शिकारपूरहून कराची, तिथून बोटीने मुंबई, मग रेल्वेने कल्याण. उल्हासनगर तेव्हा शहर नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला तो कल्याणचा मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. एका लांबलचक हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच हे आकडे तेव्हापासून चिकटले ते आजतागायत. रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प तीन' असंच सांगावं लागतं.

आम्ही इतकी वर्षं पत्त्यात 'कॅम्प' लिहीत होतो, पण तो खरोखरचा कॅम्प होता, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. जिथे खरे सैनिक मुक्कामाला होते, तिथे बसून आम्ही सैनिक सैनिक खेळत होतो. आणि नकाशावर एक रेघ बदलली की त्या प्रदेशात राहणाऱ्यांचं काय होतं, हे सांगणारा माणूस दोन फुटांवर खुर्चीत बसला होता.

नियमाने खेळही बदलला. आधी सगळे दुबळ्यावर तुटून पडायचे. आता कुणाला पूर्ण संपवलं की तो आपल्याच प्रदेशांच्या मधोमध कॅम्प टाकून बसणार, वर पत्तीही मिळणार नाहीत. त्यामुळे कोपऱ्यात अडकलेल्याला संपवण्यापेक्षा राहू देणं स्वस्त पडायला लागलं. लालला हे समजायला वर्ष गेलं. हिरवीला एका रविवारात समजलं. तिने मादागास्करच्या कॅम्पवरून उठून आधी आफ्रिका घेतली, मग आमचं सगळ्यांचं नाक कापलं. दादांनी तिला खिशातून लिमलेटची गोळी दिली. बाकीच्यांना नाही.

मावळे आणि गोट्या

लढाई टेबलावर आणायची हौस जगात जुनीच आहे. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतंच. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच असा 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळ मांडला आणि तिथल्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलला. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं. खेळण्यातले सैनिक जमिनीवर मांडायचे, स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध कितीतरी बरं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

हे वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपण दर दिवाळीत करतो! दिवाळीचा किल्ला. दगड-विटा रचायच्या, त्यावर गोणपाट, त्यावर माती. आठवडाभर आधी अळीव टाकायचे म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवळ उगवते. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, खाली बाजार आणि विहीर. पहाऱ्याला कोण, चोरवाट कुठून, तोफ कुठल्या तोंडाला, यावर होणारी भांडणं हीच आमची पहिली युद्धनीती.

आमच्या कंपाउंडमधल्या किल्ल्याला निळा पणत्यांच्या रिकाम्या खोक्यांपासून तोफा करायचा आणि हिरवी घरून चिंध्या आणून भगवे झेंडे शिवायची. किल्ला पाडायचा दिवस भाऊबीजेनंतरचा. तेव्हा दोन फळ्या करून गोट्यांनी समोरचे मावळे पाडायचे. महाराजांच्या मूर्तीला गोटी लागली की तो आपोआप हरला, हा पहिला नियम. वेल्सचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

खोका बंद होतो

मग जे तुमच्याकडे झालं तेच आमच्याकडे. २०१६ मध्ये जिओ आलं. २०१८ मध्ये पबजी मोबाइल. आधी लाल गेला, मग निळा, मग मीही. पबजीला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. आमचा चौघांचा स्क्वॉड होता आणि हिरवी तिथेही सगळ्यांना भारी पडायची. पण तिथे हरलेला माणूस म्हणजे जमिनीवर पडलेला खोका. त्यातलं सामान उचलायचं आणि पुढे पळायचं. तो रडतोय की हसतोय, हे दिसत नाही. कुणी "बाहर कहाँ" विचारत नाही.

लॉकडाउनमध्ये खोका पुन्हा उघडला. २०२० च्या त्या उन्हाळ्यात आम्ही मास्क लावून, पॅसेजच्या चार कोपऱ्यांत बसून खेळलो. प्यादी हलवायचं काम एकट्या निळ्याचं, सॅनिटायझर लावून. दादा दारात नव्हते, आतल्या खिडकीतून बघायचे. तोच आमचा त्या पॅसेजमधला शेवटचा मोसम.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. त्यानंतर शहरातल्या जुन्या बिल्डिंगांच्या तपासण्या सुरू झाल्या. आमच्याही बिल्डिंगला नोटीस लागली. धोकादायक, रिकामी करा. पंधरा दिवसांत पाच मजले रिकामे झाले. लाल बदलापूरला गेला, हिरवी शहाडला, निळा कल्याणला, आम्ही अंबरनाथला भाड्याने. सामान उतरवताना दादा खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्यांदा घर सोडणाऱ्या माणसाला काय बोलायचं, ते मला सुचलं नाही. पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि निळ्याला विचारलं, "वो गेम का डिब्बा लिया?"

दादा दोन वर्षांनी गेले. बिल्डिंगच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे. आत एरंड माजलाय. नवीन इमारत कधी, याचं उत्तर दर मीटिंगला वेगळं मिळतं.

मे महिन्यातला रविवार

यंदा मे महिन्यात निळ्याचा मेसेज आला. घर आवरतोय, रिस्कचा खोका सापडलाय, देऊन टाकू का? तिघांनी एका मिनिटात 'नाही' टाइप केलं. पुढच्या रविवारी आम्ही बदलापूरला लालच्या घरी जमलो. चार वर्षांत एकत्र पहिल्यांदा.

बोर्ड मधोमध दुभंगलेलं. पिवळी प्यादी सहा कमी, त्यामुळे मला मुगाचे दाणे. पहिला अर्धा तास सगळ्यांचे फोन सतरंजीवर वाजत होते, मग कुणीतरी ते उचलून टीव्हीजवळ ठेवले. लालने आशिया घेतला. हिरवी आता सीए करतेय, तिने शांतपणे दक्षिण अमेरिका घेऊन दार लावलं. निळ्याने ऑस्ट्रेलिया. आणि मी? तासाभरात साफ.

मी मुगाचे दाणे गोळा केले आणि चहा टाकायला उठले. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं होतं. घरी भाड्याचं टेन्शन, इंटर्नशिपचे स्टायपेंड वेळेवर नाहीत, त्यात हा हरलेला डाव. निळा म्हणाला, "कुठे चाललीस? बस." सगळ्यात जास्त प्रदेश त्याच्याकडे होते. त्याने बोर्डवर नजर फिरवली, एका प्रदेशावरची स्वतःची प्यादी उचलली आणि माझे तीन मूग तिथे ठेवले. कामचाटका.

कुणीच काही बोललं नाही. लालने फासे पुढे सरकवले.

आपण 'मिस' काय करतो, ते मला तिथे कळलं. पुठ्ठ्याचा बोर्ड नाही, बालपणही नाही. समोर बसलेला माणूस मिस करतो. जो आपल्याला हरवू शकतो आणि हरवल्यावर सतरंजीवर जागाही ठेवतो. मुंबई-पुण्यात आता बोर्डगेम कॅफे आहेत, तासावर पैसे देऊन शेकडो खेळ खेळता येतात. जरूर जा. पण आधी माळ्यावरचा खोका काढा आणि त्या चौघांना फोन करा.

आमचा डाव संपला नाही. शेवटची गाडी गाठायची होती. बोर्डचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच सुरू. माझ्या कॅम्पच्या तीन फेऱ्या संपल्यात, कामचाटकात आता आठ मूग आहेत आणि अलास्काला फक्त दोन लाल प्यादी. पुढचा रविवार अंबरनाथला, आमच्याकडे ठरलाय. आमचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट नोव्हेंबरला संपतंय, त्याच्या आत.

---

रविवारी काय खेळाल?

स्कॉटलंड यार्ड : एक जण लपणारा 'मिस्टर एक्स', बाकीचे डिटेक्टिव्ह. लंडनच्या नकाशावर टॅक्सी, बस, भुयारी रेल्वेने पाठलाग. १९८३ चा जर्मनीतला 'गेम ऑफ द इयर'. रिस्कमध्ये सगळे एकमेकांचे शत्रू, इथे एकत्र डोकं लावावं लागतं. नव्या ग्रुपसाठी उत्तम.

कॅटन : क्लाउस टॉयबर या जर्मन डिझायनरचा १९९५ चा खेळ. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज यांची अदलाबदल करत वस्त्या वसवायच्या, आधी १० गुण करणारा जिंकला. यात शेवटपर्यंत कुणीच बाद होत नाही. दादांना आवडला असता.

शासन : मुंबईत तयार झालेला राजकारणाचा खेळ. तुम्ही निवडणुकीला उभे असता. प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर तुमची विचारसरणी ठरते, तीच ताकद वापरून मतदार खेचायचे. पॉलिटिकल सायन्सवाल्यांनी एकदा खेळायलाच हवा.

रिस्क : चार जण, चार तास आणि जेवायची सोय हवी. हरलेल्याला कॅम्प द्यायला विसरू नका.